कडजाईला तोंड नाही

उज्ज्वलाचं आणि त्या एआयचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. काही माणसं कशी उंबऱ्यात पाय टाकल्या टाकल्या नकोशी होतात, तसं.

कामशेतला स्टेशनच्या रस्त्यावर शार्दूलचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. तिथं कॉम्प्युटरवर उज्ज्वला बसते. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग टायपिंग, मग एका क्लासात कोरल हे डिझाईनचं सॉफ्टवेअर शिकली, आणि तेव्हापासून मावळातल्या निम्म्या दादा-भाऊंचे वाढदिवस तिच्या हाताखालून गेले. कुणाला गॉगल हवा, कुणाला मागे वाघ हवा, कोण कुणाच्या शेजारी उभा राहत नाही, हे तिला तोंडपाठ. जिभेला मात्र धार. एखाद्यानं अंधारातला फोटो आणला की म्हणायची, "यापेक्षा तुमच्या आधारकार्डावर बरे दिसता की." गिऱ्हाईक हसायचं, पण दुसरा फोटो घेऊन यायचं.

शार्दूल तळेगावचा. वडील शिक्षक, घर शिकलेलं, वागणं गोड. एक दिवस त्यानं तिच्या कॉम्प्युटरवर एक नवीन खिडकी उघडून दिली.

"ताई, आता इंटरनेटवर चित्रं शोधत बसायचं नाही. इथं लिहायचं, की ते काढून देतं."

"कोण?"

"एआय."

"आणि मी काय करायचं?"

"तुम्ही फक्त सांगायचं."

"सांगायला घरी नवरा आहे दादा. तो ऐकत नाही, हे काय ऐकणार?"

शार्दूल हसला. पण खिडकी बंद केली नाही.

तिनं मराठीतच लिहिलं : नऊवारी नेसलेली, नथ घातलेली मावळातली बाई, हातात पूजेचं ताट. क्षणभर काहीतरी गोल गोल फिरलं आणि चार बाया हजर. नथ नाकाच्या मधोमध, बैलाला वेसण घालतात तशी. नऊवारीला काष्टाच नाही. आणि मागच्या डोंगरावर बर्फ.

"मावळात बर्फ कधी पडला रे मेल्या?" तिनं रागानं हेच टाईप केलं.

खालून उत्तर आलं : "नक्कीच! बर्फाशिवाय नवीन चित्र तयार केलं आहे."

बर्फ गेला होता. त्याबरोबर डोंगरही गेला होता, आणि बाई समुद्रकिनारी उभी होती.

त्या 'नक्कीच'नं तिचं डोकं फिरायचं. काहीही सांगा, नक्कीच. समजलं असो नसो, नक्कीच. अक्षरं काढायला सांगितली तर लांबून 'हार्दिक शुभेच्छा' वाटावं आणि जवळ जाऊन बघावं तर चिरडलेल्या मुंग्या. भाकरी सांगितली की फुगलेला पाव. बैल सांगितला की म्हशीची शिंगं. तिला वाटे, हे न शिकलेलं नाही, हे खोटारडं आहे. न शिकलेला माणूस गप्प तरी बसतो.

"तुम्ही नीट सांगत नाही, ताई," शार्दूल मागं उभा राहून म्हणायचा. "प्रॉम्प्ट चुकतोय तुमचा."

"चुकणारच. नव्या सुनेचं कौतुक चाललंय ना, जुनीचं सगळं चुकतंच."

"तसं समजा. पण पुढं पुढं कोरलवर बसायला माणूस लागणार नाही. शिकायचं तर शिका. राग यायचा असेल तर बाहेर चहा मिळतो."

हेही त्यानं हसतच सांगितलं. या वेळी उज्ज्वला हसली नाही. नवरा, गणेश, आंबीच्या कंपनीत कंत्राटावर होता. आज काम, उद्या नाही. ती चहाला गेली नाही. खुर्ची पुढं ओढून बसली.

आणि शिकली. खाष्ट सासूच्या लहरी सून शिकते, तशी शिकली. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. उजेड कुठून येतो, माणूस कुठं बघतो, हे आधी सांगायचं. अक्षरं त्याच्याकडून काढायचीच नाहीत, नंतर कोरलमध्ये स्वतः टाकायची. आणि मुख्य म्हणजे काय नको ते बोलायचं नाही. 'कुत्रा नको' म्हटलं की हमखास कुत्रा येतो, हे तिला आठवडाभरात कळलं. तिच्या हातून बरी चित्रं निघायला लागली. शार्दूल गिऱ्हाइकांना दाखवायचा, "बघा, एआयनं केलंय." उज्ज्वलाचं नाव निघायचं नाही. ती दात खाऊन पुढचं टाईप करायची.

तिचं माहेर बेडशाच्या लेण्यांपलीकडं, डोंगराच्या अंगाला चिकटलेली मूठभर घरांची वाडी. वर कड्याच्या पोटात कडजाईचं ठाणं. देवी म्हणजे गुडघाभर उंचीचा तांदळा, नुसता उभा दगड, पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदरानं जाड झालेला. त्याला डोळे नाहीत, नाक नाही, मुखवटा नाही. कुणी चांदीचे डोळे अर्पण करायला आणले तर वाडी हात जोडून परत पाठवते. देवीचा फोटोही काढू देत नाहीत. उज्ज्वलाची आई चिमाबाई सांगायची, "तिला तोंड न्हाई, म्हून ती कुनाच्या बी तोंडानं येती." यावरूनच वाडीत रीत आहे. जत्रेच्या दिवशी अनोळखी बाई समोर आली तर तिला नाव-गाव विचारायचं नाही. आधी पान वाढायचं. न जाणो, कोण असेल.

जत्रेच्या सकाळी देवीला शेंदूर लावायचा मान चिमाबाईचा. सासू गेल्यापासून तो तिच्या हातात होता, आणि तिचं बाकी आयुष्य म्हणजे दुसऱ्याच्या बांधावर रोजगार आणि डोक्यावर मोळी. मान काय तो एवढाच. तिची चुलत जाऊ सावित्राबाई त्याच्यावर टपलेली. दोघी एकाच साली नवऱ्या होऊन वाडीत आल्या होत्या आणि त्याच सालापासून एकमेकींना पाण्यात बघत होत्या.

यंदा चैत्राच्या तोंडावर उज्ज्वलाचा धाकटा भाऊ बहिरू दुकानात आला. जत्रेचं पुढारपण यंदा पोरांकडं होतं, आणि पोरांचा पुढारी तो.

"आक्के, मोटा फ्लेक्स पायजे. खाली फाट्यावर कमान लावनार हाये. लेणी बघाया येत्यात ती समदी मानसं वर आली पायजेत."

"करू की."

"देवीचा फोटू टाक. मोटा. झळाळता."

उज्ज्वलानं मान वर केली. "कुठला फोटो? देवीला तोंड हाय का, बहिऱ्या?"

"न्हाई, म्हून तर कोन येत न्हाई! दगुड बघाया कोन येतंय? तुज्याकडं त्ये मशीन हाय न्हवं, काय बी काढतंय म्हनं. काढ की एक आई, शिंहावर बसल्याली."

"आपली देवी शिंहावर बसती? आयेला सांगू का हे?"

"आयेला काय कळतंय? तू तिची बाजू घेनारच. शेरात राहून बी ऱ्हायलीस वाडीचीच."

"आन तू वाडीत राहून वाडीचा न्हाईस. तोंड काढनार न्हाई. जा."

बहिरू पाय आपटत गेला. शार्दूलनं कोपऱ्यातून सगळं ऐकलं होतं. "ताई, गिऱ्हाईक असं परत पाठवतात का?" एवढंच म्हणाला.

मग तिनं मनाशी ठरवलं, तांदळाच काढायचा. बिनतोंडाचा, पण असा की बघणारा जागेवर थांबेल. भावाचंही राहील, देवीचंही राहील.

तिनं लिहिलं : कड्याच्या कपारीत शेंदूर लावलेला उभा दगड. आला मारुती. पुन्हा लिहिलं. आला टोमॅटोसारखा गोळा, त्याला दोन डोळे. तिनं शिकलेलं सगळं वापरलं, डोळ्यांचं नावही काढलं नाही. गुळगुळीत दगड म्हणाली, केशरी दगड म्हणाली, वरून उजेड सांगितला. दर वेळी त्या दगडातून तोंड फुटायचंच. कधी हसरं, कधी बाहुलीचं, कधी सिनेमातल्या बाईचं. शेवटी संयम सुटला आणि नको ते तिनं लिहिलंच : तोंड नको, तोंड नको, तोंड नको.

"नक्कीच!" आणि तीन तोंडांची देवी आली.

"तुझं मढं नेलं," उज्ज्वला मोठ्यानं म्हणाली. शाई भरणारा माणूससुद्धा वळून बघायला लागला.

त्याला जागा तरी कळावी म्हणून मग तिनं मोबाईलमधला एक फोटो दिला. मागच्या जत्रेचा. देवीचा नव्हता तो, आईचा होता. शेंदूर लावून चिमाबाई ठाण्याच्या दारात आली होती, दोन्ही पंजे केशरी, आणि तिच्या मागं अंधारात केशरी डाग दिसत होता, तेवढाच. 'या बाईच्या मागं जे आहे ते मोठं करून दाखव,' तिनं लिहिलं.

गोल गोल फिरलं. चित्र आलं, आणि उज्ज्वलाचा हात टेबलावरच राहिला.

त्या गाढवानं मागचं आणि पुढचं एक केलं होतं. केशरी तांदळ्यातून बाईचा चेहरा आला होता, आणि तो तिच्या आईचा होता. पण सुरकुती नाही, उन्हानं करपलेलं कातडं नाही. वीस-बावीस वर्षांची चिमाबाई, भरल्या गालांची, कपाळ मोठं, डावी भुवई जरा वर चढलेली. चिमाबाईचा तरुणपणीचा एकही फोटो जगात नव्हता. लग्नात फोटो काढायची ऐपत नव्हती. ही बाई उज्ज्वलानं कधीच पाहिली नव्हती, आणि तरी ओळखली.

हे चित्र तिथंच पुसायला हवं होतं. तिला ते कळत होतं. पण एवढे दिवस नुसता छळ केला त्या यंत्रानं आणि एवढं एकच दिलं, ते तिच्यानं पुसवेना. तिनं ते कॉम्प्युटरवर ठेवून दिलं. आईला कधीतरी एकटीला दाखवू, म्हणून.

फ्लेक्स तिनं कोरलमध्ये साधा केला. कडा, पायऱ्या, ठाण्याचं दार, वर मोठ्या अक्षरांत जत्रेचं आमंत्रण. तोंड कुठंच नाही. शार्दूलला सांगितलं, हा छापा. दुसऱ्या दिवसापासून गणेश तापानं पडला, आणि ती घरीच राहिली ती थेट जत्रेपर्यंत.

जत्रेच्या सकाळी गणेशच्या मोटरसायकलवर मागं बसून, मांडीवर ओटीचं सामान घेऊन ती फाट्यावर उतरली आणि वर पाहिलं तर कमानीवर आई.

पुरुषभर उंच. केशरी प्रभावळीत तेच तरुण तोंड, कपाळावर कुंकू, बुडाशी नको तो सिंह. खाली अक्षरं : 'आई कडजाई'. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी हार घातले होते, नारळ फोडले होते. लेण्यांकडं निघालेली दोन पोरं त्याच्यापुढं उभी राहून स्वतःचे फोटो काढत होती.

तिनं तिथूनच शार्दूलला फोन लावला. "ते चित्र कुणी छापलं?"

"तुमच्या भावानं निवडलं, ताई. तुमच्या कॉम्प्युटरवरच होतं की. मी फक्त सिंह टाकून दिला. काय आलंय! चार जणांनी विचारलं. बघा, शेवटी जमलं तुम्हाला."

तिनं फोन बंद केला. फेकता आला असता तर फेकला असता.

बहिरू कमानीखाली पोरांत मिरवत होता. "कशी हाय, आक्के? म्हनलं न्हवतं?"

"बहिऱ्या, डोळं फुटलं का तुजं? कोन हाय ती?"

"कोन म्हंजे? देवी!"

त्याला खरंच ओळखू आलं नव्हतं. लेकानं आईचं तरुणपण कुठं बघितलेलं असतं! पण एका बाईनं बघितलं होतं. सावित्राबाई लुगड्याचा पदर खोचून वाडीतनं खाली आली, कमानीकडं एकदा बघितलं, दोनदा बघितलं, आणि तिचा आवाज पार कड्यावर गेला.

"अगं बया बया! ही तर चिमी! चिमीच हाय गं! इतकी वरसं देवीला हात लावलास, आता तुजं तोंडच लावून घेतलंस व्हय? या रं समदी, बगा! देवी कोन हाय ती बगा! उद्या नवस बी हिलाच फेडा!"

माणसं गोळा झाली. म्हाताऱ्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि एकेकाची मान डोलली. चिमीच. कुणी हसलं, कुणी थुंकलं. एकजण म्हणाला, पोरगी शेरात फ्लेक्सच्या दुकानात हाय न्हवं, तिचीच करनी. "मान घराला पुरंना व्हय?" दुसऱ्यानं विचारलं. बहिरू आता कमानीकडं बघत होता आणि त्याचं तोंड उतरत चाललं होतं. "मला म्हाईत न्हवतं," तो म्हणाला. कुणी ऐकलं नाही. गणेश पुढं झाला, तर त्याला 'जावयानं बोलायचं काम न्हाई' म्हणून गप्प बसवलं.

"फाडून टाका की मग," उज्ज्वला ओरडली.

"फाड!" सावित्राबाई तिच्या अंगावर आली. "हार घातल्यात, नारळ फोडल्यात, खाली आईचं नाव हाय. फाड बरं तुज्या हातानं. बगू टाप."

कुणाचीच टाप नव्हती. देवीचं म्हणून पुजलेलं फाडायचं कुणी, आणि उतरवून ठेवायचं कुठं?

तेवढ्यात चिमाबाई आली. अंघोळ करून, कोरं लुगडं नेसून, हातात तेल-शेंदराची वाटी घेऊन ती वर ठाण्याकडं निघाली होती. गलका ऐकून खाली आली. माणसांनी वाट दिली.

ती कमानीखाली उभी राहिली. बराच वेळ वर बघत राहिली. उज्ज्वला आईकडं बघत होती. आईला हे एकटीला दाखवायचं होतं, घरात, चुलीपुढं. असं नाही.

चिमाबाईनं मान वळवली ती लेकीकडं नाही, जावेकडं.

"सावित्रे, आशी व्हते व्हय मी?"

सावित्राबाई तोडून म्हणाली, "आशीच व्हतीस. म्हून तर मला कदी बघवली न्हाईस."

"बरं," चिमाबाई म्हणाली. मग उज्ज्वलाला म्हणाली, "तू काढलंस?"

"आये, मी छापलं न्हाई. त्या यंत्रानं—"

"काढलंस का?"

"व्हय. पन पुसवलं न्हाई मला."

"मग आता पूस." तिनं वाटी पुढं केली. "फाडू नगं. तिला जशी हाय तशी कर."

बहिरूनं शिडी धरली. उज्ज्वला वर चढली. फ्लेक्सच्या गुळगुळीत कापडावर तेलकट शेंदूर धरेना. बोटांनी लावला तर ओघळायचा, आणि ओघळाखालून डोळे पुन्हा वर यायचे. तिनं तळहातानं थापायला सुरुवात केली. आधी कपाळ गेलं, मग गाल. ती चढलेली डावी भुवई सगळ्यात शेवटी गेली. तिच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. वाटी संपली तेव्हा सिंहावर एक केशरी, जाड, बिनतोंडाचा गोळा बसला होता. इतके दिवस त्या यंत्राकडं मागून मागून मिळाला नाही, तो हाच.

ती खाली उतरली. चिमाबाईनं रिकामी वाटी घेतली आणि सावित्राबाईच्या हातात दिली.

"दुसरा शेंदूर कालव. यंदापासनं तू लाव."

"म्हंजे?" सावित्राबाई एक पाऊल मागं सरली.

"ज्याचं तोंड देवीवर लागलं त्याचा हात देवीला लागू न्हाई."

"असं कुटं हाय?"

"आजपासनं हाय."

सावित्राबाई वाटी घेऊन वर गेली. जन्मभर हवा असलेला मान तिला मिळाला होता, पण चढताना ती एकदाही मागं बघून हसली नाही. जाता जाता उज्ज्वलाला मात्र ऐकवलंच, "झालं समाधान? आईचं एक तेवढं व्हतं, त्ये बी घेतलंस."

दुपारी ठाण्याखालच्या माळावर पंगती बसल्या. गणेशला जावई म्हणून पहिल्या पंगतीत नेऊन बसवलं. उज्ज्वलाला कुणी बस म्हणालं नाही, ऊठही म्हणालं नाही. ती शेवटच्या पंगतीत कडेला बसली. हात तीनदा धुतले होते. नखांत शेंदूर तसाच. वाढणाऱ्या पोरी तिच्यापर्यंत येत आणि पलीकडं जात. भावजय भाताची पाटी घेऊन आली, शेजारणीच्या पानावर वाढलं, आणि तिच्या पानावरनं नजरसुद्धा न टाकता पुढं गेली. उज्ज्वला समोरच्या कोऱ्या पत्रावळीकडं बघत बसली. उठावं, खाली फाट्यावर जावं, मिळेल त्या गाडीनं कामशेत गाठावं. पदर सावरून ती अर्धी उठलीही.

समोर लापशीचं पातेलं आलं. कोऱ्या लुगड्याचे काठ दिसले.

चिमाबाईनं वाकून पळीभर लापशी वाढली. मग दुसरी पळी. लेकीच्या तोंडाकडं तिनं पाहिलं नाही. अनोळखी बाईला विचारतात तसं, वरवरच्या, आदबीच्या आवाजात विचारलं, "आणखी वाढू का, बाई?"

"आये," उज्ज्वला म्हणाली, "मी—"

"नाव इचारलं न्हाई मी," चिमाबाई म्हणाली. "जेव."

आणि पातेलं उचलून पुढच्या पानाकडं गेली.